येझदीचे खोललेले पार्ट कोकणच्या पावसाळ्यात गंजू नयेत म्हणून काय करायचं?

देवगड_रोडकिंग

नमस्कार मंडळी. मामांची १९८४ ची येझदी रोडकिंग आता माझ्याकडे आलीय. उन्हाळ्यात सगळी खोलली, प्लॅन असा होता की मे अखेर इंजिन कोल्हापूरच्या मिस्त्रींकडे जाईल आणि चासी पेंटला, पण मिस्त्री म्हणतात हातात कामं भरपूर आहेत, गणपती झाल्यावर या. म्हणजे अख्खा पावसाळा हे सगळं सामान माझ्या उरावर. घर देवगडला, समुद्र सरळ रेषेत अर्धा किलोमीटर पण नसेल, आणि सामान ठेवलंय घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, खाली कोबा.

अजून मृग लागायचाय आणि किकच्या शाफ्टवर तपकिरी डाग दिसायला लागलेत. नीट बघितलं तर ते डाग म्हणजे बोटांचे ठसे आहेत, अक्षरशः अंगठ्याच्या रेषा मोजता येतील असे!

सामान असं: रॉडसकट क्रँक, सिलिंडर, गिअर, शाफ्ट, बेअरिंग, दोन्ही रिम, सायलेन्सरची जोडी, टाकी, चासी, मडगार्ड आणि नट-बोल्टांचे डबे. टाकीत आतून थोडा गंज आधीपासूनच आहे, तो काढायला बाथरूमचं ॲसिड आणून ठेवलंय. मिस्त्री म्हणतात जळकं ऑइल फासून गोणपाटात गुंडाळ, भावोजी म्हणतात डब्ल्यूडी-४० मार आणि विसरून जा, यूट्यूबवाले व्हीसीआय बॅग (गंज रोखणारी वाफ सोडणारी पिशवी) सांगतात. मैसूरचा कारखाना १९९६ लाच बंद झालाय त्यामुळे ओरिजिनल क्रँक आणि गिअर गेले तर दिल्लीच्या करोल बागेतला डुप्लिकेट माल घ्यावा लागेल, तो नकोय. कोणी समुद्राजवळ राहून हे केलंय का?


चिंचवडचा_टर्नर

बोटांचे ठसे उमटले हे बरं झालं, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. घामात मीठ असतं. आमच्या शॉपमध्ये ग्राइंडिंग झालेल्या शाफ्टला उघडा हात लावला की सुपरवायझर शिव्या घालतो ते यासाठीच, दुसऱ्या शिफ्टला तिथे ठसा उठतो. आणि तुमच्याकडे घामाचीही गरज नाही, हवाच खारी. समुद्राच्या मिठात नुसतं साधं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइड पण असतं आणि ते साधारण ३३ टक्के आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. देवगडला भर उन्हाळ्यात पण हवा इतकी कोरडी होत नाही, म्हणजे मीठ बसलेला पार्ट तुम्हाला हाताला कोरडा लागला तरी तो ओलाच आहे असं धरून चाला.

म्हणून पहिलं काम तेल लावणं नाही, पहिलं काम मीठ काढणं. मिठावरून तेल फासलं तर मीठ तेलाखाली बसून आपलं काम करत राहतं आणि वरून सगळं चकाचक दिसतं. रॉकेल किंवा डिझेलने ग्रीस-चिखल काढा, पण रॉकेलने मीठ जात नाही, मीठ जातं पाण्यानेच. त्यामुळे नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा, मग विहिरीच्या गोड्या पाण्याने खळखळून, बोअरचं मचूळ पाणी असेल तर ते नको. लगेच कापडाने पुसा, कॉम्प्रेसर नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरने वाळवा, पार्ट हाताला गरम लागेपर्यंत. पार्ट गरम असतानाच तेल लावा, पातळ होऊन फटीत जातं. हे सगळं रबरी हातमोजे घालून. बेअरिंगला मात्र पाणी दाखवू नका, क्रँकचा बिग एंड (रॉडचं क्रँकवर बसणारं टोक, आत रोलर असतात) धरून, ते नुसते स्वच्छ रॉकेलने धुवायचे आणि लगेच तेलात.

आता कुठलं तेल. डब्ल्यूडी-४० वर राग नाही माझा, नावातच ‘पाणी हटवणारं’ आहे आणि १९५३ मध्ये ते बनवलं गेलं तेच मुळी रॉकेटच्या पत्र्यावरचा गंज रोखायला, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो थर फार पातळ. धुतल्यावर फटीतलं पाणी बाहेर काढायला मस्त, चार महिने कोकणात झोपवून ठेवायला नाही. जळकं ऑइल अजिबात नको, त्यात इंजिनात जळून तयार झालेलं ॲसिड असतं, पाण्याचा अंश असतो, कार्बन असतो. दाराच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात ते ठीक, क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागाला, नाही. आणि गोणपाट तर हवेतलं पाणी पिऊन ते पार्टला चिकटवून ठेवणार.

मशीन शॉपमध्ये ज्याला आरपी ऑइल म्हणतात, म्हणजे रस्ट प्रिव्हेंटिव्ह, ते घ्या. इंडस्ट्रियल ऑइलच्या दुकानात मिळतं, तुम्हाला कोल्हापूरला शिरोली-गोकुळ शिरगाव भागात विचारलं तर नक्की मिळेल. वाळल्यावर मेणासारखा थर राहतो तो प्रकार मागा, लांबच्या स्टोरेजसाठी तोच. नाहीच मिळालं तर नवं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल पण चालेल, पण मग महिन्याने परत लावायची तयारी ठेवा.

व्हीसीआय चांगलंच आहे. आमच्याकडून एक्सपोर्टचे पार्ट बोटीने जातात, महिनाभर समुद्रावर, ते यातच पॅक होतात. त्या कागदातून किंवा पिशवीतून वाफ निघते आणि ती धातूवर बसते. पण पिशवीचं तोंड उघडं राहिलं तर वाफ निघून जाते आणि तुमच्याकडे उरते नुसती महाग पिशवी. कागद असेल तर लेप असलेली बाजू आत, पार्टकडे. मध्ये वर्तमानपत्र वगैरे काही घालायचं नाही. वाफ धातूपर्यंत पोचली पाहिजे म्हणून ग्रीसचे गोळे फासून आत कोंबू नका, आरपीचा पातळ हात पुरे.


मालवणी_गडी

आमची आजी कोयत्याक आणि विळ्याक खोबरेल तेल लावून ठेवायची, कधी गंज नाय चढलो. एवढा रामायण कशाक? 😄


चिंचवडचा_टर्नर

कोयता रोज घासला जातो भावा, म्हणून. खोबरेल काय, शेंगतेल काय, खाण्याचं कुठलंही तेल पडून राहिलं की खवट होतं म्हणजे त्यात ॲसिड तयार होतं, आणि वर चिकट राप बसतो तो वेगळाच. बेअरिंगमध्ये तो राप बसला की मग काढत बसा.


सातारी_प्रिया

माझ्याकडे प्रिया स्कूटर आहे, साताऱ्यात बनलेली साताऱ्यातच रिस्टोअर केलेली, त्यामुळे इंजिनाचं टर्नर साहेबांनी सांगितलं ते सांगितलं, मी पत्र्याचं आणि क्रोमचं बोलतो.

दादा चासी आत्ता ब्लास्टिंगला नेऊ नका. लोक काय करतात, वेळ मिळालाय तर तेवढं उरकून घेऊ म्हणून सँड ब्लास्ट करून आणतात आणि घरी आणून ठेवतात. ब्लास्ट झालेला पत्रा म्हणजे उघडी जखम, पावसाळी हवेत काही तासांत त्यावर पिवळसर झाक येते. ब्लास्टिंगवाल्याकडून थेट पेंटरकडे आणि त्याच दिवशी टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, हे जमत असेल तरच हात लावा. नुसता रेड ऑक्साइड मारून ‘प्रायमर झाला, आता चिंता नाही’ असं समजू नका, साध्या रेड ऑक्साइडचा थर सच्छिद्र असतो, ओल आत जाते आणि वर लाल खाली पण लाल, कळत सुद्धा नाही गंज कुठे सुरू झाला.

जुना रंग कितीही घाण दिसू दे, तो चाळीस वर्षं टिकलाय, अजून चार महिने टिकेल. खरं तर हे सगळ्याच पार्टना लागू आहे. जो पार्ट दिवाळीपर्यंत लागणार नाही तो आत्ता घासून पॉलिश करायची हौस करू नका. धुवा, वाळवा, झाकून ठेवा, बास. चासीवर जिथे रंग उडालाय तिथे पॉलिश पेपर मारून आरपी ऑइलचा ब्रश फिरवा. पाइपच्या आत पण भोकांतून थोडं ओता आणि चासी उलटीपालटी करा, गंज आतून खातो तो दिसतच नाही. फक्त पुढे पेंटच्या आधी ते तेल थिनरने अगदी स्वच्छ काढावं लागेल एवढं पेंटरला सांगून ठेवा, नाहीतर रंगाला फोड येतील आणि मग तो तुम्हाला ऐकवेल.

रिम: क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्यात बारीक भोकं-भेगा असतातच, खरं संरक्षण खालचं निकेल करतं. ठिपके उठलेत तिथे काथ्या किंवा लोखंडी घासणी नको, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, ठिपके जातात आणि ओरखडे येत नाहीत. मग कारचं मेण-पॉलिश. रिमची टायरखाली झाकली जाणारी आतली बाजू आणि आऱ्यांची भोकं, गंज तिथून सुरू होतो, तिथे मेण नाही, आरपी किंवा ग्रीस. आणि चार महिन्यांसाठी टायर-ट्यूब घालून ठेवू नका, आत पाणी अडकतं.

सायलेन्सर टू-स्ट्रोकचे, आत तेलकट काजळी असते तीच बरीच राखण करते. दोन्ही तोंडं बंद करा आणि उभे टांगा.

टाकी सगळ्यात महत्त्वाची. पेट्रोल भरून ठेवायचा जुना सल्ला आता देऊ नका कोणी, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. टाकी रिकामी करा, उन्हात कडक वाळवा, पाव कप टू-टी आत ओता, सगळीकडून फिरवून घ्या, कॉकचं भोक आणि झाकण बंद. आतला गंज आत्ता काढायचाच नाही! काढला की उघडा पत्रा आणि समोर आषाढ. नवरात्रात काढा, तेव्हा लिंबूसत्व वापरा, शंभर भाग पाण्याला पाच भाग, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून लगेच वाळवून लगेच तेल. मधे चहा प्यायला जायचं नाही.


डोंबिवली_लूना

एक मिनिट, सगळे पार्टबद्दल बोलतायत पण दादांनी लिहिलंय की बाथरूमचं ॲसिड आणून ठेवलंय. कुठे ठेवलंय?? त्याच शेडमध्ये असेल तर हे वाचून झाल्या झाल्या उठा आणि बाहेर काढा.

ते हायड्रोक्लोरिक असतं आणि झाकण घट्ट असलं तरी त्याची वाफ निघत राहते. ओळखीच्या एका गॅरेजमध्ये अशी बाटली कोपऱ्यात होती, समोरच्या भिंतीवर टांगलेले पाने, ड्रिल मशीनचा चक, व्हाइसचा स्क्रू, ज्याला कुणी ॲसिड लावलंच नव्हतं ते सगळं तपकिरी, आणि बाटलीच्या जवळच्या बाजूने जास्त. मालक बिचारा छप्पर गळतंय का बघत होता. ब्लीचिंग पावडरचा डबा, चार्जिंगला लावलेली बॅटरी, तेच. पार्टच्या खोलीत यातलं काही नको.

आणि हो, स्प्रिंगा ॲसिडमध्ये टाकायच्या नाहीत, लिंबूसत्वात सुद्धा. कडक स्टील ॲसिडमध्ये हायड्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं, नंतर कधीतरी चालू गाडीत क्लचची स्प्रिंग तुटेल आणि कारण सापडणार नाही.


देवगड_रोडकिंग

बाटली शेडमध्येच होती. आत्ता न्हाणीघराच्या मागे नेऊन ठेवली. धन्यवाद ताई/दादा जे असाल ते 🙏

आता जागेचं विचारतो. घरात माळ्यावर जागा आहे, नाहीतर शेडमध्ये एक जुनं लोखंडी कपाट आहे त्यात पिवळा बल्ब लावून ठेवायचा विचार आहे, वडील हार्मोनियमच्या कपाटात तसंच करायचे. आणि कपड्यांच्या कपाटात ओल ओढायला ते पांढऱ्या खड्यांचे डबे मिळतात, ज्यात खाली पाणी जमतं, ते ठेवले तर चालतील का? बायको म्हणते मिठाची वाटी ठेवा, तिने कुठेतरी वाचलंय.


चिंचवडचा_टर्नर

मिठाची वाटी तिने कपाटातल्या कपड्यांसाठी वाचलं असेल, इथे ती वाटी म्हणजे समुद्र घरात आणणं. ते पांढरे खडे कॅल्शियम क्लोराइड असतात, ओल ओढतात हे खरं पण खाली जे पाणी जमतं ते खारट द्रावण, डबा कलंडला तर संपलं. पार्टजवळ नकोच.

बल्बची आयडिया मात्र अस्सल आहे, पिवळा म्हणजे जुना तारेचा हवा, एलईडी पुरेसा गरम होत नाही. गणित असं: बाहेर २७ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि कपाटात बल्बने ३५ डिग्री केलं तर तीच हवा आत ५७ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी कुठे गेलं नाही, हवा गरम झाली म्हणून तिची पाणी धरायची ताकद वाढली. लोखंडाचा गंज ६० च्या वर जोर धरतो, त्यामुळे काठावर का होईना आपण खाली आलो, अर्थात आधी मीठ धुतलेलं असेल तर. वेल्डिंगवाले बंद पडलेल्या फ्रिजमध्ये बल्ब लावून रॉड ठेवतात तो हाच प्रकार, आणि फ्रिज कपाटापेक्षा चांगला, उष्णता धरून ठेवतो आणि दाराला रबर असतं. भंगारवाल्याकडे मिळतो. घरात लहान मुलं असतील तर दाराला कुलूप लावा, जुन्या फ्रिजचं दार आतून उघडत नाही.


पेडणे_टू_पणजी

गणित बरोबर आहे पण तुम्ही चिंचवडला राहता 😀 आमच्याकडे आणि देवगडला पावसात लाइट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. बल्ब बंद पडला की तीच गरम हवा थंड होते आणि बाहेरची ओली हवा कपाटात शिरते, म्हणजे नेमका सगळ्यात जास्त पाऊस पडतो तेव्हाच तुमचं संरक्षण बंद. म्हणून जे परत मिळत नाही ते विजेच्या भरवशावर ठेवायचं नाही असं माझं मत. क्रँक, सिलिंडर, गिअर, बेअरिंग हे सगळं हवाबंद पिंपात, आणि मडगार्ड-रिम वगैरे मोठं सामान बल्बच्या कपाटात किंवा माळ्यावर. कोब्यावर थेट काहीच नको, जमिनीतून ओल वर येते, खाली फळ्या टाका.

पिंप म्हणजे ते निळं, केमिकलचं, ज्याच्या झाकणाला रबरी रिंग आणि वरून लोखंडी पट्टा आवळतात. आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या, ॲसिडचं असेल तर नको. दोनशे लिटरच्या पिंपात मावणाऱ्या पावसाळी हवेत पाणी किती असतं माहितीय? चमचाभर, पाचेक ग्रॅम. म्हणजे सिलिका जेलला हवेचं काही ओझं नाही, अर्धा किलो ठेवलंत तरी भरपूर. खरं पाणी आपण आत नेतो ते पुठ्ठ्यातून. पावसाळ्यात किलोभर पुठ्ठ्यात शंभर ग्रॅमहून जास्त पाणी सहज असतं. त्यामुळे खोके, वर्तमानपत्र, लाकडी ठोकळे, चिंध्या, काही आत नको, फक्त धातू आणि प्लास्टिक. सिलिका केशरी रंगाचं घ्या, निळं-गुलाबी होतं त्यात कोबाल्ट असतं, ते आरोग्याला चांगलं नाही. रंग बदलला की जुन्या तव्यावर बाहेर अंगणात मंद आचेवर परत तापवायचं, तो तवा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही.


सातारी_प्रिया

पेडणेकरांना अनुमोदन. मागच्या पानावरून पुढे, नट-बोल्टांचे डबे विसरू नका. झिंक प्लेटिंग केलेले जुने बोल्ट वेगळे, कारण तसे डोक्यावर मार्क असलेले बोल्ट आता जमवायला गेलात तर पाय झिजतात. ताकाच्या किंवा श्रीखंडाच्या प्लास्टिक डब्यात घालून वर थोडं टू-टी. आणि चिठ्ठी डब्याच्या आत नको, तेलात शाई विरघळते, मार्करची तर लगेच. पातळ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरून बांधा: ‘गिअर कव्हर उजवं’, ‘किक’ असं.


देवगड_रोडकिंग

खूपच उपयोगी झालं. मग असं ठरवतोय: इंजिनचं सगळं धुऊन आरपी आणि व्हीसीआय पिशवीत, पिंपात सिलिकासकट. रिम आणि मडगार्ड माळ्यावर. चासी शेडमध्येच पण आड्याला टांगून. टाकी टू-टी टाकून माळ्यावर. दोन शंका राहिल्या. क्रँककेस ॲल्युमिनियमचे आहेत त्यांचं काय, आणि रबराचे पार्ट, ऑइल सील, कार्ब्युरेटर हे पण पिंपात टाकू का?


चिंचवडचा_टर्नर

क्रँककेसला तांबडा गंज चढत नाही पण खाऱ्या हवेत पांढरी पावडर धरते आणि खड्डे पडतात, विशेषतः लोखंडी बोल्ट किंवा बेअरिंग लागून राहिलेलं असेल तिथे. धुवायचं, वाळवायचं, सगळे स्टड-बोल्ट काढून तेलाचा हात, वेगळ्या पिशवीत. लोखंडाला चिकटून ठेवायचं नाही. सोड्याच्या कडक पाण्याने मात्र ॲल्युमिनियम धुऊ नका, काळं पडतं.

कार्ब्युरेटरमध्ये पितळ आहे, व्हीसीआयच्या सगळ्याच पिशव्या पितळ-तांब्याला चालत नाहीत, ‘मल्टिमेटल’ लिहिलेली असेल तरच. नाहीतर साध्या झिप पिशवीत, आत सिलिकाची छोटी पुडी. रबर पिंपाच्या बाहेर, तेल अजिबात नाही, फुगतं. टाल्कम पावडर लावून अंधाऱ्या जागी. जुनी सील तर ठेवायचीच कशाला, मिस्त्री नवीनच टाकणार, फक्त साइजसाठी ठेवा.

क्रँकच्या बिग एंडमध्ये, रॉडच्या फटीतून, टू-टी सोडा आणि रॉड फिरवत राहा, सगळ्या रोलरना लागलं पाहिजे, वरून लावलेलं आरपी तिथपर्यंत पोचत नाही. क्रँक आडवा फोमवर ठेवा, रॉडवर उभा करू नका. आणि पिंप उगाच दर रविवारी उघडून बघत बसू नका, प्रत्येक वेळी ताजी ओली हवा आत घेता. झाकणाला आतून काचेच्या बाटलीत सिलिका टांगा, निळं पिंप टॉर्चच्या उजेडात थोडं पारदर्शक दिसतं पण रंग कळत नाही, तेव्हा एखादी उघडीप पडलेली दुपार बघून, श्रावणात मिळेल एखादी, उघडायचं, बाटली बदलायची आणि पट्टा आवळायचा.